टेरिजियम पुन्हा वाढतं तेव्हा

प्रिय डॉक्टर,

पाठवलेले फोटो नीट पाहिले. दोनदा काढलेलं टेरिजियम, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारं मांस, तिसऱ्यांदा वाढलंय, टोक बाहुलीजवळ पोचलंय, आणि डोळा लालभडक आहे. याच आठवड्यात ओटीला (ऑपरेशनला) घेऊ का, असं विचारलंस. आत्ता नको.

दाह चालू असलेल्या डोळ्यावर पुन्हा ब्लेड लावलं की ते मांस आधीपेक्षा जोमाने येतं. मागच्या ऑपरेशनला सहा महिने तरी होऊ देत. तोवर देखरेखीखाली स्टिरॉइडचे थेंब दे, डोळा कोरडा पडू देऊ नकोस, आणि उन्हात काम करणारा माणूस आहे तर टोपी आणि बाजूने झाकणारा चष्मा आजपासूनच. कानशिलाच्या बाजूने येणारं ऊन कॉर्नियातून (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून) वळून नेमकं नाकाकडच्या लिंबसवर, म्हणजे कॉर्निया आणि पांढरा भाग जिथे मिळतात त्या कडेवर, एकवटतं. टेरिजियम बहुतेक वेळा त्याच बाजूला का येतं, याचं हे पटणारं कारण आहे.

या थांबण्यात बरंच काम आहे. त्याला नजर कानशिलाकडे न्यायला सांग आणि एकाचे दोन दिसतात का ते विचार. दिसत असतील तर व्रणाने मीडियल रेक्टस (डोळा नाकाकडे वळवणारा स्नायू) जखडला आहे, आणि तुझं ऑपरेशन टेरिजियमपेक्षा त्या स्नायूचं जास्त आहे. डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी (थरांची जाडी दाखवणारा स्कॅन) काढून कॉर्निया किती पातळ झालाय ते आधीच बघ. दोनदा खरवडलेल्या कॉर्नियात खोल जाणं धोक्याचं असतं. पृष्ठभाग खडबडीत, पांढरट किंवा जेलीसारखा दिसला तर कर्करोगाची शंका मनात ठेव. तसा दिसला नाही तरी काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जायलाच हवा, दर वेळी.

त्याच्या जुन्या कागदांवर पहिल्या ऑपरेशनची नोंद ‘बेअर स्क्लेरा’ अशी आहे. म्हणजे मांस काढलं आणि खालचा स्क्लेरा, डोळ्याची पांढरी भिंत, उघडी सोडली. या पद्धतीत टेरिजियम परत येण्याचं प्रमाण इतकं मोठं आहे की आज तिचं समर्थन करता येत नाही. केन्यन आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये रुग्णाच्याच कंजंक्टायव्हाचा (डोळ्याच्या पांढऱ्यावरच्या पातळ पारदर्शक आवरणाचा) ग्राफ्ट, म्हणजे काढून घेतलेला तुकडा, लावून 57 डोळ्यांचे निकाल मांडले. त्यातले बरेचसे डोळे पुन्हा उगवलेल्या टेरिजियमचेच होते, आणि परत वाढ झाली फक्त तिघांत. पुढे ब्रिस्बेनच्या लॉरेन्स हर्स्ट यांनी टेनन (कंजंक्टायव्हाखालचा तंतुमय थर) खूप दूरपर्यंत काढून मोठा ग्राफ्ट लावला आणि प्रमाण जवळजवळ शून्यावर आणलं. कॉर्नियावरचं टोक सोलणं हा सोपा भाग आहे. टेरिजियम परत येतं ते खाली उरलेल्या टेननमधून आणि झाकायच्या राहिलेल्या जागेतून.

म्हणून ओटीत घाई करू नकोस. मीडियल रेक्टस लिंबसपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो, पण व्रणात तो ओळखू येत नाही. वरच्या आणि खालच्या निरोगी भागातून आत शीर, हुक घालून स्नायू हातात घे, आणि मगच कात्री चालव. त्याच्यावरचा चिवट पांढरा थर सुटला की बुबुळ बाहेरच्या बाजूला मोकळं वळतं. ते हाताने फिरवून खात्री कर.

ग्राफ्टला वेळ दे. उघडी जागा कॅलिपरने मोज, ग्राफ्ट त्याहून किंचित मोठा आख आणि वरच्या बाजूला शाईची खूण कर, कारण तो उलटा झाला तर लागणार नाही. सोडवताना कात्रीचं टोक पातळ थराखालून सतत दिसत राहायला हवं. दिसेनासं झालं म्हणजे टेनन सोबत येतोय. मग कॉर्निया ओला करून ग्राफ्ट त्यावरून सरकवत ने आणि लिंबसची कड लिंबसलाच लाव. फायब्रिन ग्लू (रक्तातल्या प्रथिनांचा गोंद) असेल तर उत्तम, वेळ वाचतो आणि रुग्णाला टोचतही नाही. पण खर्च परवडत नसेल तर टाके अजिबात कमी दर्जाचे नाहीत.

ग्राफ्ट कुठून घ्यायचा? वरची कंजंक्टायव्हा एकदा वापरलेली दिसतेय. याला पुढे काचबिंदूचं ऑपरेशन लागलं तर तीच जागा लागेल, म्हणून खालून घे. तिथेही पुरेशी नसेल तर दुसऱ्या डोळ्यातून, आणि अगदी शेवटी अम्निऑटिक मेम्ब्रेन (गर्भाभोवतीचं पातळ आवरण). ती झाकते चांगली, पण परत वाढ रोखण्यात स्वतःच्या कंजंक्टायव्हाची बरोबरी करत नाही.

मायटोमायसिनबद्दल (पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाबद्दल) मी कडक आहे. पुन्हा उगवलेल्या टेरिजियममध्ये त्याला जागा आहे, 0.02 टक्के, तेही कडेच्या टेननवर, थोडाच वेळ, आणि नंतर भरपूर धुऊन. उघड्या स्क्लेरावर ठेवून तशीच जागा सोडली तर स्क्लेरा वितळू शकतो, कधी कधी कित्येक वर्षांनी. तोवर रुग्ण दुसऱ्याच कोणाकडे जात असतो.

ऑपरेशननंतर स्टिरॉइड दोन-तीन महिन्यांत हळूहळू उतरव आणि दर भेटीला डोळ्याचा दाब मोज. परत वाढ व्हायची तर बहुधा पहिल्या वर्षातच दिसते. ‘बरं वाटतंय’ म्हणून त्याने येणं थांबवू नये, हे घरच्यांनाही समजावून सांग.

आणि त्याला आधीच स्पष्ट सांग की कॉर्नियावरचा पांढरा डाग थोडा राहील, नजर पूर्वीसारखी लख्ख होईलच असं नाही, आणि चौथ्यांदा वाढण्याची शक्यता कमी करता येते, पुसून टाकता येत नाही. हे ऐकून त्याला विचार करायचा असेल तर करू दे.

ओसीटी झाला की पाठव. तारीख ठरली की कळव, मी असिस्टला येईन.

तुझा,
सर