लाचेच्या खटल्यात फोन टॅपिंग: 'देशाची सुरक्षा' म्हटलं की झालं का?

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यात रस्त्यांची कामं घेणारा कंत्राटदार आहे. अभियंत्याला लाच देऊ केल्याचा माझ्यावर आरोप आहे. २०२३मध्ये माझा फोन टॅप होत होता, हे दोषारोपपत्र हातात पडल्यावर कळलं. कोर्टाचं वॉरंट नव्हतं. तपास अधिकारी म्हणतात, 'वॉरंट लागत नाही, असंच ऐकतो म्हणून अतिरेकी सापडतात.' हे खरं आहे का? मी काय करू?

उत्तर : साहेबांचं अर्धं बोलणं खरं आहे. आपल्याकडे टॅपिंगसाठी न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. तेव्हा लागू असलेल्या १८८५च्या टेलिग्राफ कायद्यात कलम ५(२)खाली गृहसचिवांचा लेखी आदेश पुरत असे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगला वेसण घातली, पण न्यायालयाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही. त्यामुळे 'वॉरंट नव्हतं' हा मुद्दा सोडून द्या.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्याच कलमात अट आहे की सार्वजनिक आणीबाणी असली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असला, तरच असा आदेश काढता येतो. लाच त्यात बसते का? 'विनीत कुमार विरुद्ध सीबीआय' या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये नाही म्हटलं. तिथेही लाचेचाच आरोप होता, दहा लाखांचा. न्यायालयाने टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. सरकारी वकील मात्र दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२५चा निकाल पुढे करतील. मोठ्या भ्रष्टाचाराने सार्वजनिक सुरक्षिततेला धोका पोचू शकतो, असं तो म्हणतो. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्या प्रकरणातला असाच आदेश रद्द केला. महाराष्ट्रातल्या विशेष न्यायालयावर मुंबईचा निकाल बंधनकारक आहे, आणि तुमचं बळ तिथेच आहे.

आता अतिरेक्यांबद्दल. २६/११च्या हल्ल्यात दहशतवादी आणि पाकिस्तानातले त्यांचे सूत्रधार यांचे फोन हल्ला चालू असतानाच ऐकले गेले आणि ती संभाषणं पुढे खटल्यात पुरावा म्हणून आली. तिथे नंबर नेमके होते आणि ऐकण्याचं कारणही डोळ्यांसमोर होतं. उलट अमेरिकेने कोट्यवधी लोकांच्या कॉलच्या नोंदी सरसकट गोळा केल्या. तिथल्याच सरकारी देखरेख मंडळाने २०१४मध्ये कबूल केलं की त्या नोंदींमुळे अमेरिकेवरच्या धोक्याच्या एकाही तपासाचा निकाल ठोसपणे बदलल्याचं उदाहरण सापडलं नाही. म्हणून साहेबांचं वाक्य मला पटत नाही. टॅपिंगने अतिरेकी सापडतात ते नेमक्या संशयावर. आणि तुमच्यावरचा संशय तर डांबराच्या कामाचा होता! आपल्याकडे परवानगी देणारे सचिव आणि ती तपासणारी पुनर्विलोकन समितीही सचिवांचीच, हे दुखणं वेगळंच.

करायचं काय? आधी विशेष न्यायालयात अर्ज देऊन टॅपिंगचे मूळ आदेश, मुदतवाढी आणि पुनर्विलोकन समितीसमोर ते ठेवल्याची नोंद मागा. आदेश साठ दिवसांचा असतो, मुदतवाढी धरून एकशेऐंशी दिवसांपुढे जाता येत नाही. कारणं लेखी आहेत की कायद्यातलेच शब्द उतरवलेत, ते बारकाईने बघा. दोषारोपपत्रातला प्रत्येक कॉल त्या तारखांशी ताडून पाहा.

नुसती खटल्यात हरकत घेऊन थांबू नका. संसद हल्ला प्रकरणात २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पुरावा बेकायदा मार्गाने मिळाला एवढ्यावरून तो बाद होत नाही. म्हणून आदेशच रद्द करून घ्यायला हवा, आणि त्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करा. तुमच्याविरुद्ध संभाषणांखेरीज सापळा किंवा साक्षीदार असतील, तर याचिका जिंकूनही खटला उभा राहू शकतो, हेही लक्षात ठेवा. वकिलांना दोषारोपपत्र पूर्ण वाचायला द्या, आणि तोवर त्या अभियंत्याला फोन करू नका.