निवृत्तीनंतर वडिलांचा सगळा आठवडा चर्च, समाज आणि गावच्या बातम्यांतच जातो. त्यांना एखादा उपयोगी छंद कसा लावावा?

लावू नका. उत्तर एवढंच आहे, पण प्रश्न वर्मी लागलाय म्हणून कारणही लिहितो.

तुम्ही लिहिलंय की वडील निवृत्त होऊन वसईच्या घरी असतात. रोज सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातात, नंतर चर्चच्या आवारात गप्पा मारत उभे राहतात, घरी येऊन गावचं दैनिक शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, संध्याकाळी कुणाकडे रोझरीची (जपमाळेची) प्रार्थना असते नाहीतर कुणाची मयत. यातून निष्पन्न काही होत नाही, त्यापेक्षा त्यांनी कॉम्प्युटर शिकावा, फिरायला जावं, असं तुमचं म्हणणं. माझा आठवडा तुमच्या वडिलांसारखाच आहे. आणि तुमचंच म्हणणं माझ्या मेहुण्याने आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझ्या सुनेसमोर मला ऐकवलेलं आहे.

मी पश्चिम रेल्वेत होतो. पहाटेची गाडी धरायची, अंधार पडल्यावर घरी यायचं. त्या सगळ्या वर्षांत माझं गाव मला फक्त रविवारी दिसलं, तेही मिस्सेपुरतं. कुणाची विहीर खारी झाली, कुणी वाडीतली झाडं तोडून चाळ बांधली, कोण अंथरुणाला खिळलंय, हे सगळं बायको सांगायची आणि मी जेवता जेवता हं हं म्हणायचो. नोकरीतल्या माणसाला गाव असतं ते एवढंच. निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा पूर्ण दिसायला लागतं, आणि तेव्हाच मुलं म्हणतात की आता जग बघा.

आठवडा म्हणाल तर असा. रविवारी पहिली मिस्सा, कारण तिला शेतीवाडीची आणि म्हातारी माणसं असतात. मिस्सेत बायबलचा उतारा वाचणारा वाचक मी आहे, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं वाचन घरी मोठ्याने वाचून बघतो. पौलाच्या पत्रातलं वाक्य असेल तर श्वास कुठे घ्यायचा ते आधीच ठरवावं लागतं. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) ती मराठीत आली आणि वेदीजवळ उभं राहून आपल्या भाषेत बायबल वाचायचा मान आमच्यासारख्या साध्या माणसांना मिळाला. तो मान मला फार मोठा वाटतो. मंगळवारी संत अँथनीची भक्ती, बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना, एका संध्याकाळी आमच्या लहान ख्रिस्ती समूहाची बैठक. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कम्युनियन (पवित्र भाकर) द्यायला घरोघर निघतात तेव्हा सोबत कुणीतरी वाट दाखवायला लागतं, कारण फादर बदलून येतात आणि आमच्या आळ्यांना पाट्या नाहीत. बाकी दिवस पेपर.

या पेपरबद्दलच मला बोलायचंय. लोक पहिलं पान वाचतात. मी आतलं पान वाचतो, जिथे बारीक टायपात वकिलांच्या जाहीर नोटिसा असतात. त्या सगळ्या एकाच साच्यातल्या: तमाम जनतेस कळविण्यात येते की, मौजे अमुक, तालुका वसई, जिल्हा पालघर येथील सर्व्हे नंबर तमुक, हिस्सा नंबर तमुक ही मिळकत आमचे अशील कायम खरेदी घेत आहेत, तरी सदर मिळकतीवर कोणाचा विक्री, गहाण, दान, वारसा, वहिवाट वा अन्य कोणत्याही प्रकारे हक्क असल्यास त्यांनी चौदा दिवसांच्या आत लेखी पुराव्यासह कळवावे, अन्यथा तसा हक्क नाही किंवा असल्यास तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही गप्प राहिलात तर तुम्ही सोडून दिलंत, असं समजण्यात येईल.

काही वर्षांपूर्वी, ऑक्टोबर संपत आला असताना, अशा एका नोटिशीत मला ओळखीचा सर्व्हे नंबर दिसला. आमच्या वाडीच्या पलीकडचा बांध. त्या जमिनीच्या कडेला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं आहे, आणि त्या बावखलाच्या पाण्यावर एके काळी त्यांचा आणि आमचा असे दोन रहाट चालायचे, त्यामुळे तो नंबर मला लहानपणापासून पाठ. विकणारे म्हणून नावं होती दोन भावांची. त्यांचे वडील वारलेले, आजोबा तर कधीचे गेलेले. पण आजोबांना मुलगा एकटा नव्हता. दोन मुलीही होत्या, म्हणजे या विकणाऱ्यांच्या आत्या. एक लग्न होऊन आगाशीला गेली, दुसरी उत्तनला. नोटिशीत त्यांचा उल्लेख कुठेही नाही.

आमच्यात हे घरोघर झालंय. बाप गेला की सातबाऱ्यावर मुलग्याचं नाव चढतं, आणि बहिणीला कुणी विचारत नाही. फार तर हक्कसोड पत्रावर सही घेतात आणि साडी नेसवतात. कायदा तसा नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि तो 1925 सालचा आहे. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींत सारखं, विधवा हयात नसेल तर सगळंच मुलामुलींत सारखं. मुलगा जास्त, मुलगी कमी असं त्यात कुठेच नाही. इतकी वर्षं हा कायदा आहे आणि आमच्या गावातली कितीतरी घरं असं वागतात जणू तो आलाच नाही.

रविवारी मिस्सेनंतर मी आवारात विचारलं, आगाशीच्या ताईंचा फोन कुणाकडे आहे का. फोन कुणाकडेच नव्हता. पण गायकवृंदातल्या एक बाई म्हणाल्या, फोन कशाला हवा, दोन तारखेला आईबापाच्या कबरीवर येतीलच की. 2 नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. सासर कितीही लांब असलं तरी त्या दिवशी माहेरच्या दफनभूमीत येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

मी कात्रण खिशात घालून गेलो. त्या आल्या, कबर पुसली, झेंडूची माळ घातली, मेणबत्त्या लावल्या. प्रार्थना होईपर्यंत थांबलो आणि मग विचारलं, "ताई, बाबांच्या जमिनीच्या कागदावर तुम्ही कधी सही केली आहे का?"

"कसली सही? ती तर भावाचीच ना?"

कात्रणातली अक्षरं त्यांना दिसेनात, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी तारीख विचारली. मुदत संपायला अजून अवकाश होता.

पुढचं काम वकिलाने केलं, मी नाही. दोघी बहिणींची लेखी हरकत रजिस्टर पोस्टाने त्या नोटीसवाल्या वकिलाकडे गेली, पोचपावती आली. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज झाला. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, एका दिवसात होत नाही. हेलपाटे घालावे लागले, भाच्यांशी बोलाचाली झाली, एकदा प्रकरण फादरांपर्यंतही गेलं. जमीन शेवटी विकली गेलीच. पण दोघींच्या सह्यांनी विकली गेली, आणि त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्याच खात्यांत जमा झाली. आगाशीच्या ताईंनी त्यातून नातीच्या नर्सिंगची फी भरली.

ते भाचे आजही माझ्याशी बोलत नाहीत. मिस्सेत शांतीची खूण करताना समोर आले तर मी हात जोडतो, ते दुसरीकडे बघतात. त्याचं मला वाईट वाटतं, पण पुन्हा तशी नोटीस दिसली तर पुन्हा तेच करीन.

आता मेहुण्याबद्दल. त्याचं म्हणणं, "तुला काय पडलंय? रिकामा बसतोस म्हणून दुसऱ्याच्या सातबाऱ्यात नाक खुपसतोस." तेव्हा पाहुणे होते, मी गप्प बसलो. इथे सांगतो. नोटिशीवर 'तमाम जनतेस' लिहिलेलं असतं. ती मला उद्देशून असते. लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये जोडप्याची नावं वाचतात आणि कुणाला अडचण ठाऊक असल्यास धर्मगुरूंना कळवावी असं सांगतात. तेही मला उद्देशून असतं. धर्म काय आणि कायदा काय, दोघांनीही धरूनच चालवलंय की गावात ऐकणारं, वाचणारं आणि माणसं ओळखणारं कुणीतरी असेल. ते कुणीतरी सकाळी साडेनऊला ऑफिसात असलेला माणूस असू शकत नाही. पहिल्या शुक्रवारी घरोघर फिरलेला, मयताला गेलेला, कुणाची मुलगी कुठे दिली हे माहीत असलेला निवृत्त माणूसच ते काम करू शकतो. नुसता पेपर वाचून मला तो नंबर कळला असता, आत्या कळल्या नसत्या. नुसतं चर्चला जाऊन आत्या कळल्या असत्या, नोटीस कळली नसती.

आणि चर्चने चर्चपुरतं बघावं, गावच्या भानगडीत पडू नये, असंही मेहुणा म्हणतो. तो वसईचाच आहे, त्याला हे बोलवतं कसं? 1980च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर इथे हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. तेच फादर 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, आणि तेच 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या माणसाने वेदी, गाव आणि छापील कागद कधी वेगळे मानले नाहीत. मीही मानत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. वडिलांना कॉम्प्युटर शिकवायचाच असेल तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा कसा बघायचा तेवढं शिकवा. फोनवर होतं, अवघड नाही. त्या संकेतस्थळावरचा साधा उतारा फक्त माहितीसाठी असतो, कामकाजासाठी डिजिटल सहीचा उतारा वेगळा काढावा लागतो, हेही सांगा. पेपरची वर्गणी तुम्ही भरा. चष्म्याचा नंबर तपासून घ्या, कारण नोटिसांचा टाइप दरवर्षी बारीक होतोय असं मला वाटतं. फिरायला न्यायचं तर जरूर न्या, पण 2 नोव्हेंबरला आणि गावच्या सणाला त्यांना घरी आणून सोडा.

दोन गोष्टी मात्र तुमच्या बाजूने. वडील मयतीच्या आणि अपघाताच्या बातम्या खात्री न करता ग्रुपवर पुढे ढकलत असतील तर त्यांना स्पष्ट बोला. आमच्याकडे एका जिवंत माणसाला अशी श्रद्धांजली वाहिली गेली, त्याची बायको बाजारात होती, तिला तिथे कुणीतरी सांगितलं. हा समाजसेवेचा भाग नाही. आणि दुसरं, तुमच्या पूर्ण प्रश्नात आईचा उल्लेख नाही. वडील आवारात उभे असतात तेव्हा घरात स्वयंपाक कोण करतं? आई असतील तर त्यांनाही त्या बैठकींना आणि त्या आवारात जायला मिळतंय का ते बघा. बायकांना या गोष्टी आम्हा पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतात, आमच्या गायकवृंदातल्या बाई नसत्या तर माझं कात्रण खिशातच राहिलं असतं.

आणि या रविवारी वडिलांना फोन कराल तेव्हा छंदाचं सोडा. तुमच्या आत्यांची नावं तुमच्या घराच्या सातबाऱ्यावर आहेत का, ते विचारा.