जुन्या सायकलवर पाण्याचं डेकल लावताना

भाऊ, डेकल म्हणजे कागदावरून सरकवून फ्रेमवर लावायचा नावाचा-चित्राचा पातळ पापुद्रा. त्याचा कागद पाण्यात टाकायच्या आधी फ्रेमचा रंग पक्का वाळू द्या. ब्रशनं मारलेला ऑइल पेंट असेल तर किमान आठवडाभर. खाली कच्चा रंग राहिला तर वरचं क्लिअर (पारदर्शक वार्निश) मारताच सुरकुत्या येतात. पृष्ठभाग चकचकीतच हवा. खरबरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात.

तीस-चाळीस वर्षं पडून असलेलं डेकल पाण्यात गेलं की तुकडे होतात. आधी एक फालतू कोपरा कापून भिजवून पाहा. तडकला तर पूर्ण डेकलवर क्लिअरचे दोन पातळ हात मारा, एक दिवस वाळवा, मग अक्षरांच्या कडेनं कापा.

आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी घ्या (अ‍ॅसिड नव्हे!), कोमट करा. अर्धा-एक मिनिट भिजवून बोटानं हलवून बघा. सरकलं की कागदासकट फ्रेमच्या नळीवर ठेवा आणि कागद खालून ओढा. डेकल ओढू नका. जागा आधीच मास्किंग टेपनं आखलेली असावी. ओल्या मऊ कापडानं मधून कडेकडे पाणी काढा.

मे महिन्यात हे काम पहाटे, सावलीत करा. दुपारी पाणी लगेच उडतं आणि डेकल वाकडं तिथंच चिकटतं. पावसाळी दमट हवेत क्लिअर दुधाळ पडतं, तेव्हा उघाडीची वाट पाहा.

चोवीस तासांनी क्लिअर. पहिले दोन हात नुसते भुरभुरते. एकदम ओला हात दिला तर डेकल गोळा होतं.