सोलापुरात राहून सेनानींची जुनी, सह्या-चित्रं घातलेली चरित्रं जमवता येतील का? ऑनलाइन वेलिंग्टनच्या (वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा इंग्रज सेनापती) चरित्राचा एक संच 'मूळ सहीसह' दिसतोय, काय तपासू?

जमवता येतील. शोधताना 'ग्रेंजराइझ्ड' हा शब्द टाका. जेम्स ग्रेंजरचा चरित्रकोश 1769 मध्ये निघाला आणि लोक त्यात बाहेरची चित्रं डकवू लागले, त्यावरून हे नाव पडलं. अशा संचात छापील मजकुराला फारशी किंमत नसते, पैसे जातात ते आत घातलेल्या मालाचे. म्हणून आधी सही बघायची, कातडी बांधणीवरचं सोनं नंतर.

विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: सही जवळून, त्याच कागदाची मागची बाजू, आणि कागद उजेडासमोर धरून. त्या काळची शाई कागदात मुरते, तपकिरी होते, दाब पडला तिथे मागे उमटते आणि दोन रेघा एकमेकींवरून गेल्या तिथे गडद दिसते. शिळाछापाची (दगडावरून छापलेली) नक्कल सगळीकडे एकसारखी सपाट असते. जुन्या चरित्रांत अशा नकला मुळातच छापलेल्या असत, त्याच पुढे 'मूळ सही' म्हणून खपतात. संच हातात आला की घड्याळवाल्याचं दहापट भिंग पुरतं.

मग तारीख. 'वेलिंग्टन' ही पदवी 1809 ची, त्याआधी तो आर्थर वेलस्ली. मराठ्यांशी तो लढला ती असईची लढाई 1803 ची, म्हणजे त्या काळातल्या पत्राखाली 'वेलिंग्टन' दिसलं तर विषय संपला. कागदाच्या जलचिन्हात (उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी खूण) 1794 नंतर बऱ्याचदा साल असतं. ते पत्राच्या तारखेनंतरचं निघालं तर पत्र बनावट किंवा नंतर केलेली नक्कल. बऱ्याच सह्या पत्रावरच्या नसतातच, फुकट टपालाच्या पाकिटावरून कापलेल्या असतात; ब्रिटिश संसदेचे सदस्य पाकिटावर सही करून टपाल फुकट पाठवत. ती सवलत 1840 मध्ये बंद झाली. खऱ्या असल्या तरी पत्राचा भाव त्यांना देऊ नका.

'120 चित्रं' असं लिहिलंय? त्यात पुस्तकाची स्वतःची चित्रंही मोजलेली असू शकतात. साध्या प्रतीतली चित्रांची यादी समोर ठेवून वजा करा. लिलावात असे संच बहुधा 'आहे तसे' विकतात, परत घेत नाहीत.

सोलापूरकराने खरं तर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी थॉमस मन्रो याच्यापासून सुरुवात करावी. मे 1818 मध्ये आपला किल्ला त्यानेच घेतला, आणि त्याचं चरित्र 1830 मध्ये लंडनला निघालं. आधी साधी प्रत घ्या, नजर बसेल.

एक कायद्याची गोष्ट: 75 वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. इथे आणलेलं पुन्हा परदेशात विकू, हा हिशेब धरू नका.

बांधणी सुटली तर बाइंडरला दोन गोष्टी बजावा: कडा कापायच्या नाहीत (डकवलेल्या चित्रांचे समास जातात) आणि खळीत मोरचूद घालायचं नाही, त्यातलं तांबं कागद खातं. सेलोटेप तर घरातच ठेवू नका. पुस्तकं स्लॅबखालच्या माळ्यावर नकोत, मे महिन्यात कातडं तडकतं. गुंडाळायला रंगीत चादर न घेता दोनदा धुतलेलं मांजरपाट घ्या.