वेधशाळेतला टॉक्सचा आठवडा: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी एका वेधशाळेत आठवडाभर चाललेल्या खगोलशास्त्राच्या टॉक्सबद्दल लिहिलं होतं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी चार-पाच टॉक, दुपारी पोस्टर, म्हणजे आपलं काम मोठ्या कागदावर मांडून त्यासमोर उभं राहायचं, आणि रात्री आकाश मोकळं असेल तर दुर्बिणीवर काम. त्यावर इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नाही, सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ताई, मी बारावीपर्यंतच फिजिक्स शिकलेय पण आकाशाची आवड लहानपणापासून आहे. अशाच एका टॉकला गेले होते, पहिली पाच मिनिटं कळलं आणि मग सगळं डोक्यावरून गेलं. आपल्यासारख्यांनी जाण्यात काही अर्थ आहे का?

आहे, शंभर टक्के आहे. आणि एक सांगते, दीर्घिकांवर, म्हणजे गॅलॅक्सींवर पंधरा वर्षं काम केलेला माणूस ग्रहांच्या टॉकमध्ये बसला की त्याचंही दहाव्या मिनिटानंतर बरंच काही सुटतं, फरक इतकाच की त्याला त्याची सवय झालेली असते, तो घाबरत नाही. सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट सोडा. मी नवीन लोकांना एकच सांगते, की अख्ख्या टॉकमधला एक ग्राफ पकडा आणि तो नीट बघा. आडव्या रेषेवर काय आहे, उभ्या रेषेवर काय आहे, आणि प्रत्येक ठिपक्याला वर-खाली जी बारीक दांडी असते ती केवढी आहे.

उदाहरण घ्या ना. 1995 मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी 51 पेगासी या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचं सांगितलं, सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला, 2019 मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. आता तो ग्रह त्यांनी डोळ्याने किंवा फोटोत पाहिलाच नव्हता. त्यांच्याकडे होता एक ग्राफ. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर ताऱ्याचा आपल्याकडे येण्याचा किंवा लांब जाण्याचा वेग. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तसा तारापण थोडासा डुलतो, तो आपल्याकडे येत असताना त्याच्या स्पेक्ट्रममधल्या, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या रेषा जराशा निळ्याकडे सरकतात, लांब जाताना तांबड्याकडे. या ताऱ्याचा वेग सेकंदाला पन्नास-पंचावन्न मीटरने वर-खाली होत होता, आणि दर 4.2 दिवसांनी तोच नमुना परत. म्हणजे तिथलं वर्षच चार दिवसांचं! गुरूसारखा मोठा ग्रह ताऱ्याला इतका चिकटून असेल असं तेव्हा कोणी धरूनच चाललं नव्हतं, म्हणून लोक सुरुवातीला विश्वास ठेवायला तयार नव्हते.

आता दांडीकडे या. ती दांडी म्हणजे मोजणाऱ्याने मनापासून दिलेली कबुली असते, की खरा आकडा बहुधा इथून इथपर्यंत कुठेतरी आहे. लाट पन्नास मीटरची आणि दांडी दहा-पंधरा मीटरची असेल तर लाट खरी वाटते. पण आपला गुरू सूर्याला डुलवतो सेकंदाला साधारण 12 मीटरने, आणि पृथ्वी फक्त 9 सेंटीमीटरने, रांगणाऱ्या बाळापेक्षाही हळू. म्हणून पृथ्वीसारखा ग्रह सापडल्याचा दावा आला की सगळा हॉल आधी दांडी बघतो, तुम्हीपण तेच करा. एवढं जमलं ना, की टॉकमधला निम्मा मुद्दा तुमच्या हातात आला.

प्रश्नोत्तरांत लोक इतकं टोचून का विचारतात? मी गेलो होतो तिथे एका संशोधक मुलीला तिच्या एकाच ठिपक्यावरून चार जणांनी धरलं, मला बघवेना.

तुम्हाला वाईट वाटलं हे चांगलंच आहे, आणि कोणी खरंच उर्मट बोलत असेल तर चेअरने, म्हणजे सत्र चालवणाऱ्याने त्याला थांबवलं पाहिजे, यात मला काहीच शंका नाही. पण ठिपक्यावर विचारणं हे उर्मटपणाचं नाही, ते तर कामाला मिळालेलं लक्ष आहे.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा टॉक होता, पंधरा मिनिटांचा, त्यात बारा मिनिटं बोलायचं आणि तीन प्रश्नांना. स्लाइडवर एका ताऱ्याची चमक, वीस-बावीस ठिपके छान वळणावर बसलेले आणि एक मात्र खाली, एकटाच. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, हा कुठल्या रात्रीचा? ती जराशी थांबली, लॅपटॉपवर त्या रात्रीची नोंदवही उघडली आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, दोन चाळीसला पातळ ढग, पश्चिमेकडून. तिनेच लिहिलेलं होतं ते. हॉलमध्ये सगळ्यांनी मान हलवली. तिने तो ठिपका गुपचूप काढून टाकला नव्हता, ग्राफवर ठेवला होता, आणि तो का खाली गेला तेही तिच्याकडे लिहिलेलं होतं. त्या तीन मिनिटांत तिच्या बाकीच्या बावीस ठिपक्यांवर लोकांचा विश्वास बसला.

आणि याच बाबतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट 1992 ची आहे. अँड्र्यू लाइन हे ब्रिटनमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ, 1991 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका पल्सरभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर केलं होतं. पल्सर म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, स्फोट झालेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, त्याचे रेडिओ ठोके घड्याळासारखे येतात, ते ठोके लवकर-उशिरा यायला लागले की कोणीतरी त्याला ओढतंय असं समजायचं. त्यांच्या ग्रहाचं वर्ष सहा महिन्यांचं निघालं होतं. सहा महिने म्हणजे आपल्या वर्षाच्या बरोब्बर निम्मे, आणि तिथेच घोळ होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून ठोका आपल्यापर्यंत कधी काही मिनिटं आधी येतो कधी नंतर, ते वजा करावं लागतं, ते वजा करताना पल्सरची आकाशातली जागा थोडी चुकीची धरली गेली होती. म्हणजे तो ग्रह नव्हता, आपलीच पृथ्वी होती! जानेवारी 1992 मध्ये अटलांटाला अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक होती, लाइन यांचा टॉक ठरलेला होता त्या ग्रहावर, आणि ते उभे राहिले आणि शेकडो लोकांसमोर त्यांनी सांगितलं की ग्रह नाहीये, चूक झाली, आणि चूक नेमकी कुठे झाली तेही सांगितलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्यांच्यानंतर लगेच अलेक्झांडर वोल्श्चान यांचा टॉक होता. विषय तोच, पल्सरभोवतीचे ग्रह, पल्सर दुसरा. विचार करा त्या माणसाच्या पोटात काय झालं असेल. पण त्यांचे सहकारी डेल फ्रेल यांनी त्या पल्सरची जागा वेगळ्या रेडिओ दुर्बिणींनी स्वतंत्रपणे मोजून ठेवली होती. ते दोन ग्रह खरे निघाले, एकाचं वर्ष साधारण 66 दिवसांचं, दुसऱ्याचं 98. सूर्यमालेबाहेरचे पक्के ठरलेले पहिले ग्रह तेच. म्हणून कोणी विचारलं की जागा कुठून घेतलीत, तर तो टोचणारा प्रश्न समजू नका.

'हबल टेन्शन' हा शब्द तीन टॉक्समध्ये ऐकला. विश्व किती वेगाने पसरतंय यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग बाकीचं तरी कसं मानायचं?

भांडण केवढ्याचं आहे ते आधी बघू. विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशावरून, म्हणजे प्लँक उपग्रहाने मोजलेल्या मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीवरून हिशोब केला की आकडा येतो 67 च्या आसपास, आणि जवळच्या दीर्घिकांमधले सेफाइड तारे (ठराविक लयीत कमी-जास्त चमकणारे) आणि सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) वापरून मोजला की बऱ्याच गटांना 73 च्या आसपास मिळतो. एकक आहे दर मेगापार्सेकला, म्हणजे साधारण 33 लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला, सेकंदाला किलोमीटर. फरक आठ-नऊ टक्क्यांचा. शंभर वर्षांपूर्वी आपली आकाशगंगा हेच अख्खं विश्व की बाहेर अजून आहे, यावर वाद चालू होता, तिथून आपण इथे आलोय.

मग हा फरक इतका बोचतो का? कारण दोन्हीकडच्या दांड्या आता इतक्या लहान झाल्यात की त्या एकमेकींना शिवतच नाहीत. पूर्वी पन्नास आणि शंभर असे आकडे होते तेव्हा दांड्यापण लांबलचक होत्या, मोठ्या दांड्यांच्या काळात टेन्शन येत नाही. सेफाइडची मोजपट्टी हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1912 मध्ये दाखवली, जो तारा सावकाश लुकलुकतो तो जास्त तेजस्वी, आणि आज वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने तेच तारे परत तपासतायत की गर्दीत शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश तर मिसळत नाहीये ना. बाकीचं कसं मानायचं म्हणता, तर असंच, दांडीसकट मानायचं.

रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसणारे लोक सकाळी नऊच्या टॉकला जागे कसे राहतात?

डोळा आता कोणी लावत नाही, कॅमेरा असतो, माणूस कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर, आणि पुष्कळदा तर दुसऱ्याच देशातून. जे खरोखर रात्रभर बसलेले असतात ते झोपतात, त्यांचा टॉक दुपारी ठेवतात. असे आठवडे पुष्कळदा पौर्णिमेच्या आसपास घेतले तर सोयीचे पडतात, चंद्रप्रकाशात अंधुक दीर्घिकांचं काम होत नाही, तेजस्वी ताऱ्यांचं स्पेक्ट्रमचं काम मात्र चालू राहतं.

मी बीएससीला आहे. पोस्टरसमोर उभं राहायला लाज वाटते, आणि टॉकनंतर हात वर करायची तर हिंमतच होत नाही. काय विचारू?

पोस्टरवाल्याशी आधी बोल, अगदी बिनधास्त. तो दोन तास तिथे उभा असतो आणि बरेच लोक नुसते वाचून पुढे जातात, थांबून विचारणारा कोणी भेटला की त्याला खरंच आनंद होतो. 'मला दोन मिनिटांत सांगाल का' एवढं म्हणालीस तरी पुरे.

आणि टॉकनंतर विचारायचा एक प्रश्न देते, तो कुठल्याही विषयाला चालतो: हा सिग्नल आकाशातलाच आहे हे तुम्ही कसं ठरवलंत? साधा वाटतो ना? ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीवर काही विचित्र रेडिओ झटके येत होते, त्यांना पेरिटॉन म्हणायचे. दूरच्या अवकाशातून आलेल्या झटक्यात जास्त फ्रिक्वेन्सी आधी पोचते आणि कमी नंतर, वाटेतल्या इलेक्ट्रॉन्समुळे, आणि या पेरिटॉनमध्येही थोडं तसंच दिसायचं. पण ते रिसीव्हरच्या सगळ्या बीममध्ये, म्हणजे आकाशातल्या वेगवेगळ्या जागा बघणाऱ्या सगळ्या भागांत, एकदम दिसायचे, म्हणजे उगम अगदी जवळ, आणि जास्त करून कामाच्या वेळेत, जेवणाच्या सुमाराला. 2015 मध्ये उलगडा झाला, वेधशाळेतलाच मायक्रोवेव्ह ओव्हन, वेळ संपायच्या आत कोणी दार उघडलं की तो झटका निघायचा. याच दुर्बिणीच्या 2001 च्या डेटात 2007 मध्ये पहिला फास्ट रेडिओ बर्स्ट, म्हणजे दूरच्या अवकाशातून आलेला क्षणभराचा रेडिओ झटका सापडला होता, आणि पेरिटॉनमुळे त्याच्यावरही काही लोकांचा संशय होता. तो मात्र खरा ठरला, आणि 2017 मध्ये अशाच एका वारंवार येणाऱ्या बर्स्टचं घरही सापडलं, लांबच्या एका छोट्या दीर्घिकेत.

तेव्हा विचार. नाव सांग, कुठे शिकतेस ते सांग आणि सावकाश विचार, माइक हातात येईपर्यंत थांब, नाहीतर मागच्यांना ऐकू जात नाही.