सेन्सर बारमाही लागतोच असं नाही

ताई, घरात मधुमेह निघाला म्हणून घाबरून पहिल्याच महिन्यात सेन्सर, मीटर सगळं घेऊन बसू नका. आम्ही तेच केलं होतं. लेकीच्या अंगावर लावायचा, साखर सतत मोजणारा आमचा सेन्सर 14 दिवस टिकतो, म्हणजे महिन्याला दोन. पगाराला मोठं भोक. आता डॉक्टरांना विचारून तपासणीच्या आधीचे दोन आठवडेच लावतो. रात्री तीनला साखर कुठे घसरते ते त्या आलेखात लख्ख दिसतं. एरवी बोट टोचायचं, टोकाला नाही, कडेला, कमी दुखतं. सेन्सर असतानाही लेक थरथरायला लागली की मी बोट टोचून पट्टीवर बघतेच, कारण सेन्सर रक्ताच्या थोडा मागे असतो.

ग्लुकोमीटर, म्हणजे पट्टीवरच्या रक्तातली साखर मोजणारं यंत्र, स्वस्तात, कधी फुकटही देतात. खरा खर्च पट्ट्यांचा. म्हणून मीटर निवडताना आधी पट्टीचा भाव विचारा, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा.

काटकसर सिरिंजमध्ये मात्र नको. इन्सुलिनच्या 40 च्या कुपीला (एका मिलीत 40 युनिट) लाल टोपीची 40 चीच सिरिंज. एकदा दुकानदाराने नारिंगी, 100 ची दिली. तिच्यावर 10 पर्यंत ओढलं की अंगात जातं फक्त 4 युनिट. दोन दिवस साखर का उतरेना, कळेचना. तेव्हापासून टोपी बघितल्याशिवाय मी पैसे काढत नाही.