गटाबरोबर, निवांत वेगाने पूर्ण केलेली मॅरेथॉन खरी नव्हे का?

आपण विचारले आहे की, तीन महिन्यांवर आलेली पहिली पूर्ण मॅरेथॉन आपल्यापेक्षा सावकाश धावणाऱ्या गटाबरोबर धावावी की एकट्याने, गटाचा वेग किती ठेवावा, आणि ‘गप्पा मारत संपवलेली मॅरेथॉन ही मॅरेथॉनच नव्हे’ हे आपल्या मित्राचे म्हणणे कितपत खरे आहे. गटाबरोबरच धावा. मित्राचे म्हणणे साफ चूक आहे, आणि नेमके हेच वाक्य मी माझ्या भावोजींच्या तोंडून इतके ऐकले आहे की सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

मी धावलेल्या मॅरेथॉनमध्ये आमचा पाच जणींचा गट होता आणि नियम एकच होता: चार मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे, आणि वेग सर्वांत सावकाश धावणारीचा. घड्याळ एकीकडेच होते. ती ‘चाला’ म्हणाली की दम असो वा नसो, सगळ्यांनी चालायचे. तेहतिसाव्या किलोमीटरनंतर गटातील सर्वांत वयस्कर काकूंच्या पोटरीत गोळा आला. त्या पदपथाच्या कडेवर बसल्या तेव्हा कातडीखाली स्नायू आपोआप उडताना स्पष्ट दिसत होता. एकीने त्यांची टाच तळहातात धरली आणि दुसऱ्या हाताने चवडा अगदी हळूहळू नडगीकडे वळवून गोळा सुटेपर्यंत तसाच धरून ठेवला. काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “तुम्ही पुढे व्हा, माझ्यामुळे तुमचा वेळ जातो आहे.” घड्याळवालीने शांतपणे हिशेब सांगितला: “पावणेपाच तास झाले आहेत, कट-ऑफ (शर्यत पूर्ण करण्याची वेळमर्यादा) सात तासांचा आहे, उरले नऊ किलोमीटर. काकू, आपण इथून नुसते चालत गेलो तरी पोहोचतो.” त्या हिशेबाने त्यांना जेवढा धीर आला, तेवढा ‘तुम्ही करू शकता’ असे दहा जणींनी ओरडून सांगितल्यानेही आला नसता. पुढे दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असा बदल करून आम्ही पाचही जणी वेळेत पोहोचलो.

भावोजी चार तासांच्या आत पोहोचून आमची वाट पाहत उभे होते. त्यांनी अभिनंदन केले आणि त्याच दमात म्हणाले, “एवढा वेळ लागला म्हणजे ही शर्यत नव्हे, सहल झाली.” त्यांच्या वेगाबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, आणि वाटेत कोणी कोणाशी बोलू नये असा नियम कुठेही नाही. सहा तास पायांवर राहणे हे चार तासांपेक्षा हलके काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते एकदा करून पाहावे. सोबत घेतल्याने धावण्याची किंमत कमी होत असेल, तर केनियाचे मॅरेथॉनपटू एलिऊड किपचोगे यांचे काय? १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नामध्ये त्यांनी हे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले, तेव्हा आळीपाळीने येणारे ४१ पेसर, म्हणजे ठरलेला वेग राखून देणारे धावपटू, त्यांच्यासाठी धावत होते. अशा पेसरांमुळे ती वेळ अधिकृत विक्रमांत धरली गेली नाही हे खरे, परंतु ‘ते धावलेच नाहीत’ असे कोणीही म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत तर एका अनुभवी धावपटूच्या मागे मोठाले गट त्याच्या इशाऱ्यावर धावत आणि चालत बारा तासांची मर्यादा गाठतात, आणि त्या गटांना तेथे मान आहे.

चालण्यालाही कमी लेखू नका. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनीच धावणे आणि चालणे आलटून पालटून करण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि मुद्दा असा की दमल्यावर नव्हे, तर पहिल्या किलोमीटरपासून चालायचे असते. वेगाचा हिशेब सोपा आहे. किलोमीटरला आठ मिनिटे या वेगाने चार मिनिटांत ५०० मीटर होतात, आणि एक मिनिट भरभर चालल्यास आणखी १०० मीटर; म्हणजे पाच किलोमीटरला सुमारे ४१ मिनिटे ४० सेकंद आणि संपूर्ण अंतराला पाच तास बावन्न मिनिटे. पाण्यासाठी थांबण्याचा वेळ त्यात वेगळा धरा. धावताना गटातील प्रत्येकाला पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. ज्याला शब्द तोडावे लागतात, त्याच्यासाठी वेग जास्त आहे.

काही गोष्टी मात्र राहून गेल्या. सावकाश धावणाऱ्यांना पाणी पिण्यास भरपूर वेळ मिळतो, आणि तहान नसताना पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये ते कमी आढळले होते, आणि चार तासांहून अधिक वेळ लागणाऱ्यांना हा धोका जास्त होता. चालण्यापूर्वी हात वर करून कडेला या आणि दोघादोघांच्या रांगेत राहा. रस्ता अडवणाऱ्या गटावर मागचे धावपटू चिडतात, आणि ते योग्यच आहे. आपला नेहमीचा वेग अधिक असल्याने सरावातील लांब पल्ल्याच्या धावा, म्हणजे लाँग रनही, गटाच्याच वेगाने करा, कारण अनोळखी संथ चालीने मांड्या आणि कंबर वेगळ्याच ठिकाणी दुखू लागतात. कट-ऑफ सहा तासांचा असेल, तर वरील हिशेबात फारच थोडी सवड उरते; तेव्हा कोणी मागे पडल्यास तिच्याबरोबर कोण थांबणार हे आदल्या दिवशीच ठरवा, आणि ती जबाबदारी गटात सर्वांत वेगवान असलेल्या व्यक्तीने, म्हणजे बहुधा आपणच, घ्यावी. राहता राहिले आपले मित्र, तर त्यांना एखाद्या रविवारी तुमच्या तीस किलोमीटरच्या लाँग रनला बोलवा आणि शेवटपर्यंत गटाच्या वेगाने धावण्यास सांगा. भावोजींना मी हे आमंत्रण केव्हाच दिले आहे. ते अद्याप आलेले नाहीत.